शो मागावा की पॅक करावे

तीन पत्तीत अवघड असतो तो मधला हात. तीन एक्के आले तर चेहरा सांभाळणे एवढेच काम उरते. सत्ती, चव्वी, दुर्री आली तर पत्ते खाली टाकायला कुणाचा सल्ला लागत नाही. पण हातात पंज्यांची जोडी आहे, बाकीचे एकेक करून गळाले आहेत, समोर एकच जण उरला आहे आणि तो न थांबता चाल टाकतो आहे. आता शो मागायचा, म्हणजे दोघांचे पत्ते उघडून पाहायचे, की पॅक करायचे, म्हणजे पत्ते टाकून द्यायचे? अशा हाताला जिंकण्याची खात्री नाही आणि हरण्याचीही नाही. रात्रभराचा नफातोटा बहुतेक याच हातांवर ठरतो. चांगले हात सगळेच सारखे खेळतात, वाईट हात सगळेच सारखे टाकतात. माणसामाणसातला फरक मधल्या हातात दिसतो.

खान्देशात हा प्रश्न वर्षातून एकदा गावोगाव पडतो. वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे आखाजी. पितरांच्या नावाने घागर भरायची, सांजोऱ्या आणि आमरस करायचा, माहेरी आलेल्या लेकींनी झोके घ्यायचे, गौराईची गाणी म्हणायची. आणि पुरुषांनी पत्ते खेळायचे, अशी जुनी वाटणी आहे. एरवी ज्याने वर्षभर पत्त्याला हात लावलेला नसतो तोही त्या दिवशी डावाला बसतो आणि घरातली वडीलधारी माणसे फारसे बोलत नाहीत. यामागे शेतीचे वेळापत्रक आहे. उदाहरणादाखल बोदवड घ्या: जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, बुलढाण्याला लागून असलेला तालुका. बहुतेक जमीन कोरडवाहू, मुख्य पीक कपाशी. आखाजीपर्यंत रब्बी घरात आलेला असतो, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, आणि पेरणीला अजून महिना-दीड महिना असतो. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, सालही याच सुमारास फिरते. जुना हिशेब चुकता होतो, नव्या सालाची उचल हाती पडते. वेळ आहे, थोडा पैसा आहे आणि दुपारी घराबाहेर पडवत नाही असे ऊन आहे. डाव रंगायला याहून जास्त काही लागत नाही.

घरगुती डावात बहुधा चाल आधीच बांधून घेतात. ही पद्धत शहाणपणाची आहे, कारण शेजारीपाजारी आणि भाऊबंदच समोरासमोर बसलेले असतात, कुणाला कुणाचे घर बुडवायचे नसते. समजा प्रत्येकाने सुरुवातीला १० रुपयांचा बूट टाकायचा. पत्ते पाहून खेळणाऱ्याची चाल २० रुपये. न पाहता, म्हणजे ब्लाइंड खेळणाऱ्याची चाल त्याच्या निम्मी. आणि कितीही रंग चढला तरी ती वाढवायची नाही. शेवटी दोघे उरले की कुणीही एक चालीएवढी रक्कम टाकून शो मागू शकतो. शोमध्ये हात सारखे निघाले तर ज्याने शो मागितला तो हरतो, असा बहुतेक ठिकाणचा संकेत आहे. पाश्चात्त्य पोकरमध्ये ज्याला लिमिट पोकर म्हणतात त्याचा गाभा हाच: बोली बांधलेली. त्याच्या टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडे आणि बोलीच्या चार फेऱ्या असतात. पहिल्या दोन फेऱ्यांत छोटी बोली, पुढच्या दोनांत तिच्या दुप्पट. शेवटच्या फेरीत समोरच्याने बोली लावली, आपला हात मध्यम आहे, तेवढीच रक्कम टाकून त्याचे पत्ते पाहायचे की सोडून द्यायचे, हा लिमिट पोकरमधला रोजचा पेच तीन पत्तीतल्या शोच्या पेचाहून वेगळा नाही.

हात मध्यम आहे हे ठरवायचे कशावरून? त्यासाठी मोजणी लागते, आणि ती मोजणी जळगाव जिल्ह्याला परकी नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता. तिथल्या शिलालेखात त्याची नोंद आहे, आणि तो लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) दिलेल्या वस्तूंतून काही वस्तू किती तऱ्हांनी निवडता येतात याची रीत आहे: उतरते आकडे वर, चढते आकडे खाली, गुणायचे आणि भागायचे. सहा रसांची मिश्रणे किती होतील, हे तिथले एक उदाहरण, उत्तर ६३. हीच रीत पत्त्यांना लावली की ५२ गुणिले ५१ गुणिले ५०, भागिले ६, म्हणजे २२,१०० हात होतात. त्यांपैकी ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, फक्त ५२. एकाच रंगाची सिक्वेन्स, म्हणजे लागोपाठचे तीन पत्ते, ४८. साधी सिक्वेन्स ७२०. कलर, म्हणजे एकाच रंगाचे पण लागोपाठ नसलेले पत्ते, १,०९६. जोडी ३,७४४. उरलेले १६,४४० हात यांतले काहीही नसलेले. त्यांची किंमत सर्वांत मोठ्या पत्त्यावर ठरते.

चारात तीन हात ‘काहीच नाही’ या वर्गातले, ही गोष्ट खेळणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात नसते. सगळे हात भारीपासून हलक्यापर्यंत रांगेत लावले तर जोडी आणि त्यावरचे मिळून ५,६६० होतात, त्यांच्याखाली एक्का वर असलेले ३,८४० साधे हात येतात, आणि रांगेचा नेमका मध्य बादशहा, दश्शी, दुर्री या हातावर पडतो. म्हणजे बादशहावरचा एवढा किरकोळ हातसुद्धा, समोरच्याने पत्ते पाहिलेलेच नसतील, तर निम्म्या वेळा जिंकतो. ब्लाइंड खेळणाऱ्यासमोर एक्क्यावरचा हात घाबरून टाकणारे दर आखाजीला दिसतात. त्यांना वाटते, एवढ्या धिटाईने खेळतो आहे त्याअर्थी काहीतरी असेल. त्याने पत्ते उचललेलेच नाहीत. असेल ते त्यालाही माहीत नाही.

पत्ते पाहून खेळणाऱ्यापुढे गणित एवढ्यावर सुटत नाही. तिथे एक डाव जवळून पाहायला हवा. खळ्यात गोणपाट अंथरले आहे, सहा जण बसले आहेत, बुटाचे ६० रुपये मध्ये आले आहेत. पत्ते वाटले गेले, सगळ्यांनी पाहिले. तिघांनी लगेच टाकले. उरलेल्या तिघांनी पहिली चाल दिली, दुसरी दिली. मधले पैसे १८० झाले. तिसऱ्या फेरीत एकाने मान हलवून पॅक केले. त्याच्या पुढचा माणूस क्षणभर आपल्या पत्त्यांकडे पाहतो, पत्ते पालथे ठेवतो आणि २० रुपये सरकवतो. मध्ये आता २०० रुपये आहेत. ज्याची पाळी आली आहे त्याच्या हातात पंज्यांची जोडी आणि एक नव्वी. २० रुपये टाकून ‘दाखव भो’ म्हणायचे, की पत्ते टाकून पाणी प्यायला उठायचे?

बहुतेक जण या वेळी एकच गोष्ट विचारतात: माझा हात मोठा की त्याचा? हा प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. दुसरा अर्धा भाग किमतीचा. शो मागायला २० रुपये लागतात आणि जिंकला तर २०० रुपये मिळतात. अशा अकरा प्रसंगी शो मागितला, दहा वेळा हरला, तर २०० रुपये गेले. एकदाच जिंकला तर २०० रुपये आले. फिट्टंफाट. म्हणजे आपला हात अकरात एकदाहून थोडा जास्त वेळा सरस ठरेल एवढा भरवसा असला, तरी शो मागणे फायद्याचे. आपला हात बहुधा हरणार असे पक्के वाटत असतानाही शो मागणेच बरोबर असू शकते, ही या खेळातली सर्वांत न पटणारी गोष्ट आहे, आणि बांधलेल्या चालीच्या खेळात तीच सर्वांत उपयोगाची आहे. इथे चुकीच्या शोची किंमत एक चाल असते. चुकीच्या पॅकची किंमत मधले सगळे पैसे.

हे न पटण्याचे कारण हिशेबात नाही, बसलेल्या मंडळीत आहे. शो मागून हरणाऱ्याचे पत्ते सगळ्यांना दिसतात. पंज्यांची जोडी घेऊन कलरला भिडला, म्हणून हसणारे चौघे आजूबाजूला असतात. पॅक करणाऱ्याचे पत्ते मात्र कुणी पाहत नाही. तो जिंकणारा हात टाकून उठला तरी त्याची चूक त्याच्याबरोबर झाकलेली राहते, कित्येकदा त्यालाही ती कळत नाही. एक चूक चारचौघांत वीस रुपयांना, दुसरी गुपचूप दोनशे रुपयांना. माणसे स्वस्तातली चूक टाळण्यासाठी महागातली करत राहतात, आणि तिला धोरणीपणा म्हणतात.

आता समोरच्याकडे वळायचे. त्याने तीन चाली दिल्या आहेत, म्हणून त्याचा हात २२,१०० पैकी कोणताही नाही. तो कशावर खेळतो यावर सगळे आहे. तो फक्त जोडी किंवा त्याहून वरच्या हातावर खेळणारा असेल, कधी हूल देतच नसेल, तर त्याच्या ५,६६० हातांपैकी दुर्री, तिर्री आणि चव्वीच्या जोड्या मिळून ८६४ हात पंज्यांच्या जोडीखाली येतात. हे प्रमाण शंभरात १५ च्या जवळपास. लागणारे प्रमाण ९. म्हणजे एवढ्या सरळ माणसापुढेही शो परवडतो. तोच माणूस एक्क्यावरच्या साध्या हातावरही चाल देणारा निघाला, तर त्याचे हात ९,५०० होतात आणि त्यांतले ४,७०४ पंज्यांच्या जोडीखाली जातात, जवळजवळ निम्मे. समोरच्याची एक सवय ठाऊक असणे किंवा नसणे एवढ्याने पंधराचे पन्नास होतात. पत्ते लक्षात ठेवणाऱ्यापेक्षा माणसे लक्षात ठेवणारा जास्त जिंकतो असे जुने खेळणारे सांगतात, त्यात अतिशयोक्ती नाही.

पण या डावात एक बारकावा आहे, आणि तो सुटला तर वरचा हिशेब फसवा ठरतो. तिसऱ्याने पॅक केले तेव्हाच दोघे उरले होते. म्हणजे समोरच्यालाही शो मागता येत होता, आणि त्याची किंमत चालीएवढीच होती. चव्वीची जोडी किंवा एक्क्यावरचा हात असता, तर त्याने तेच केले असते. मध्यम हाताला पुढची चाल ओढण्यात हित नाही. त्याने चाल दिली. विचार करून खेळणाऱ्याची अशी चाल दोनच गोष्टी सांगते: एक तर हात भारी आहे आणि त्याला अजून पैसे हवे आहेत, किंवा हातात काहीच नाही आणि शो झाला तर तो हरणार हे त्याला माहीत आहे. मधले हात यातून गळतात. मग पंज्यांची जोडी आणि बादशहांची जोडी यांत फारसा फरक उरत नाही. दोन्ही भारी हाताला हरतात, दोन्ही हुलीला जिंकतात. प्रश्न आपल्या हाताचा राहतच नाही. हा माणूस अशा जागी अकरात एकदा तरी हूल देतो का, एवढाच उरतो.

समोरचा विचार करून खेळतो की नुसता रंगात येऊन चाल टाकतो, हे मात्र आधी ठरवावे लागते. आखाजीला बसलेल्यांत दुसऱ्या जातीचे खेळाडू जास्त. शो मागायचे भानच नसणारा, पैसे मध्ये पडत राहावेत म्हणून चाल देणारा, हरलेले भरून काढायला हट्टाला पेटलेला, अशांच्या चालीतून बारीक अर्थ काढणे हा शहाण्याचा वेडेपणा. त्यांच्यापुढे मधले हात गळत नाहीत, आणि पहिला सोपा हिशेबच बरोबर ठरतो. मध्यम हाताने आणखी एक चाल देऊन वाट पाहणे मात्र कुठेच शहाणपणाचे नाही: २० रुपये जातात आणि प्रश्न तसाच राहतो.

हाच डाव पलीकडच्या बाजूने पाहिला की आणखी एक आकडा हाती येतो. हूल देणारा २० रुपये टाकून मधल्या १८० वर डोळा ठेवतो. समोरच्याने दहात एकापेक्षा जास्त वेळा पॅक केले, तर त्याला हातात काहीही असले तरी फायदाच. म्हणजे या जागी येणाऱ्या दहा हातांपैकी नऊ हातांवर तरी शो मागणारा असावा लागतो; नाहीतर त्याची कीर्ती पसरते, आणि पुढच्या आखाजीपर्यंत टिकते. सभ्य, सावध, ‘कशाला उगाच’ म्हणणाऱ्या खेळाडूवर सगळे हूल देऊ लागतात. उलट दर वेळी शो मागणाऱ्यावर कुणी हूल देत नाही, पण भारी हात आला की त्याच्याकडून प्रत्येक वेळी पूर्ण पैसे वसूल होतात. या दोन्हींच्या मधली जागा शोधणे हेच काम.

ती जागा खरोखर काढता येते, हे गणिताने आधी तत्त्वतः आणि मग प्रत्यक्ष दाखवले. जॉन फॉन नॉयमान या गणितज्ञाने १९२८ साली दोघांच्या खेळातला मूलभूत सिद्धांत मांडला, आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र प्रकरण दिले. हूल ही स्वभावाची नसून हिशेबाची गोष्ट आहे, ठरावीक प्रमाणात ती द्यावीच लागते, हे त्यातून पुढे आले. पुढे जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले की दोघांचा लिमिट टेक्सास होल्डेम हा खेळ व्यवहारतः सुटला आहे. सेफियस नावाच्या त्यांच्या प्रोग्रॅमने चार हजारांहून अधिक प्रोसेसरांवर दोन महिन्यांहून जास्त काळ स्वतःशीच खेळून आपली खेळी घडवली. आयुष्यभर त्याच्याविरुद्ध खेळूनही त्याला निश्चितपणे मात देता येणार नाही इतकी ती बिनचूक झाली. आकारात मोठे असूनही हे काम शक्य झाले ते बोली बांधलेली असल्यामुळे: प्रत्येक वळणावर सोडणे, बरोबरी करणे किंवा ठरलेल्या रकमेने वाढवणे, एवढेच पर्याय.

सेफियस शिकला कसा, हा भाग मध्यम हाताच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक आहे. त्याला पोकरचे एकही सूत्र सांगितलेले नव्हते. प्रत्येक निर्णयानंतर तो एकच नोंद ठेवी: जे केले त्याऐवजी दुसरे केले असते तर किती जास्त मिळाले असते? ही हळहळ आकड्यात साठवायची आणि ज्या पर्यायाबद्दल हळहळ जास्त तो पुढे तेवढ्या प्रमाणात जास्त वापरायचा. फिनलंडच्या ओस्कारी तामेलिन या प्रोग्रॅमरने या रीतीत एक छोटी सुधारणा केली आणि काम कितीतरी वेगाने होऊ लागले. साठलेली हळहळ शून्याच्या खाली गेली, म्हणजे ‘तो पर्याय घेतला नाही हे बरेच झाले’ असे समाधान साचू लागले, की ते पुसून शून्यावर आणायचे. मागे एखादी गोष्ट टाकल्याने फायदा झाला म्हणून ती कायमची टाकायची नाही. परिस्थिती बदलली की तिला लगेच पुन्हा संधी मिळते. माणूस याच्या नेमके उलटे करतो. मागच्या आखाजीला पॅक करून वाचलो ही आठवण तो वर्षभर सांगत फिरतो, आणि यंदा त्याच जागी पुन्हा पॅक करतो.

मध्यम हातावर सेफियसचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नेहमी नसते. कित्येक जागी तो त्याच हाताने काही वेळा बोली पाहतो आणि काही वेळा सोडतो, ठरावीक प्रमाणात, चिठ्ठी टाकल्यासारखा. काठावरच्या हाताला दोन्ही पर्याय सारखेच फायद्याचे असतात. समोरच्याला अंदाज येऊ नये एवढेच राखायचे असते. तेव्हा अगदी काठावरच्या हातावर ‘मी काय करायला हवे होते?’ म्हणून रात्रभर डोके खाजवण्यात अर्थ नाही. जिथे निर्णय सर्वांत अवघड वाटतो, तिथे तो चुकल्याचे नुकसान बहुधा सर्वांत कमी असते.

हे सगळे चाल बांधलेली आहे तोवर. चालीची मर्यादा उठली की गणिताचा चेहरा बदलतो. मध्ये १८० असताना समोरच्याने २० ऐवजी १८० टाकले, तर आता १८० देऊन ३६० मिळवायचे आहेत; तिनात एकदा जिंकावे लागते. नऊ टक्क्यांचे तेहतीस झाले. पंज्यांची जोडी तिथे टाकणेच बहुधा शहाणपणाचे. खेड्यातल्या डावात जमीन गेली, बैल गेले अशा ज्या गोष्टी ऐकू येतात त्या बिनमर्यादेच्या डावातल्या. बांधलेल्या चालीत माणूस बुडायला फार वेळ लागतो.

बोदवडच्या शेतकऱ्याला हा फरक पत्त्याबाहेरही भोगावा लागतो. २०२२ च्या सुरुवातीला कापसाचा भाव क्विंटलला १० हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून खान्देशात अनेकांनी कापूस विकला नाही, घरात भरून ठेवला. भाव आला नाही. वरवर पाहता हाही मध्यम हाताचा प्रश्न: आज मिळतो त्या भावाला सोडायचे की आणखी थांबून पाहायचे? पण घरातल्या कापसाची चाल बांधलेली नसते. महिन्यागणिक ओल उडून वजन घटते, पीककर्जाचे आणि उसनवारीचे व्याज चढते, घरात कापसाने अंगाला खाज सुटते, आणि शेवटी पेरणीसाठी पैसा लागतो म्हणून मिळेल त्या भावाला गाडी भरावी लागते. ‘अजून एक महिना पाहू’ ही प्रत्येक वेळी आधीपेक्षा महाग होत जाणारी चाल आहे. आखाजीच्या डावातली ‘वीस रुपयांत काय जाते’ ही बुद्धी तिथे नेली की घात होतो.

डावात परत यायचे तर दोन खर्च मोजायचे राहिले. पहिला नालेचा. जागा, पत्ते आणि चहापाणी पुरवणारा जिंकणाऱ्याकडून जो वाटा काढून घेतो ती नाल. गोव्यातल्या कॅसिनोंत पोकरच्या टेबलावर हेच काम कंपनी करते. मधल्या पैशांतून शंभरात पाच गेले, तर वरच्या डावात २२० मधले ११ रुपये नालेत जातात आणि २० रुपयांवर मिळणारे २०० चे १८९ होतात. अकरात एकदाऐवजी साडेदहात एकदा जिंकावे लागते. एका डावात हा फरक किरकोळ. पण नाल जिंकणाराच भरतो आणि दर डावाला भरतो, त्यामुळे रात्रभरात काठावरचे सगळे हात तोट्यात ढकलले जातात, आणि डाव जितका लांबतो तितका शेवटी एकच माणूस नक्की जिंकतो: जो पत्ते खेळलेलाच नाही.

दुसरा खर्च पैशाच्या मालकीचा. अकरात एकदाचा हिशेब अकरा वेळा बसू शकणाऱ्यासाठी आहे. शंभर रुपये घेऊन बसलेला माणूस बूट आणि चाली मिळून दोन डावांत उठतो. दहा वेळा हरून अकराव्यांदा जिंकायची सवड त्याला मिळत नाही. सालाच्या उचलीतले पैसे घेऊन बसलेल्या सालदाराचा आणि कापूस विकून आलेल्या मालकाचा हात अगदी सारखा असला, तरी निर्णय सारखा नसतो. सालदाराने हा डाव खेळू नये, एवढेच गणित त्याला सांगू शकते.

कायद्याने या खेळाकडे पाहताना शो आणि पॅक यांचा विचार केलेला नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि त्याच्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. त्याच निकालात फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पत्त्यांचा खेळ शुद्ध नशिबाचा म्हटला. पत्ते येण्यात कौशल्य नाही हे खरेच. पण २०० रुपयांसाठी २० रुपये टाकायचे की नाही, हे नशीब ठरवत नाही. त्या एका वाक्यात न्यायालयाने खेळातला अर्धा भाग वगळला, असे म्हणायला जागा आहे. पोकरबाबत तर उच्च न्यायालयांतही एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवले.

निकाल काहीही असो, बोदवडच्या खळ्यातला डाव उघड्यावर पैशाने रंगला तर पोलिसांना कारवाई करता येते, आणि जागेच्या मालकाने नाल घेतली तर त्याची जागा कायद्याच्या भाषेत जुगाराचा अड्डा होते. आखाजीच्या सुमारास झन्ना-मन्ना आणि तीन पत्तीच्या डावांवर धाडी पडल्याच्या, रोकड आणि जुगाराचे साहित्य जप्त झाल्याच्या बातम्या जळगावच्या वर्तमानपत्रांत येत असतात. राज्यात कॅसिनो उघडण्याची मुभा देणारा १९७६ चा एक कायदाही होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. मोबाइलवरच्या डावांचा प्रश्न केंद्राने वेगळ्याच रीतीने मिटवला: २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, आणि ते कौशल्याचे आहेत की नशिबाचे, हा भेदच त्यापुरता काढून टाकला.